वसुधारेची वाट

बद्रीनाथला पोहोचलेल्या बहुतेक यात्रेकरूंचा प्रवास मंदिराच्या पायऱ्यांपाशी संपतो. तप्तकुंडातील स्नान, दर्शन, प्रसाद, आणि मग परतीच्या गाडीची घाई. ज्यांच्या हाताशी अर्धा दिवस अधिक असतो, ते तीन किलोमीटरवरील माणा गावी जाऊन येतात. व्यासगुंफा, गणेशगुंफा आणि भीमपूल पाहून तेही माघारी वळतात. भीमपुलापलीकडे अलकनंदेच्या काठाने पश्चिमेकडे गेलेली पाऊलवाट मात्र थोड्यांच्याच वाट्याला येते. ही वाट सुमारे पाच किलोमीटरांनंतर एका उंच कड्यापाशी थांबते. त्या कड्यावरून सुमारे चारशे फूट खाली झेपावणारा जलप्रवाह म्हणजे वसुधारा.

या धबधब्याची कीर्ती त्याच्या उंचीमुळे जितकी आहे, त्याहून अधिक एका लोकसमजुतीमुळे आहे. वसुधारेचे तुषार पापी माणसाच्या अंगावर पडत नाहीत, असे म्हणतात. वाटाड्ये ही गोष्ट सांगतात, यात्रेकरू ती एकमेकांना ऐकवतात, आणि धबधब्याखाली उभा राहिलेला प्रत्येक जण नकळत आपली बाही चाचपून पाहतो. ज्याची बाही ओली होते तो हसतो. ज्याची कोरडी राहते तोही हसतो, पण त्याच्या हसण्यात किंचित अवघडलेपण असते. थट्टेत सुरू झालेली ही परीक्षा एखाद्या वृद्धाच्या किंवा दुःखात असलेल्या माणसाच्या मनाला मात्र खोल लागून जाऊ शकते. म्हणूनच ही वाट आणि तिच्या शेवटी पडणारे पाणी नीट समजून घेण्यासारखे आहे.

सहा महिन्यांचे गाव

समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२०० मीटर उंचीवर वसलेले माणा हे चमोली जिल्ह्यातील तिबेटच्या सीमेकडचे शेवटचे गाव. अनेक वर्षे वेशीवरचा फलकही त्याला ‘भारतातील अखेरचे गाव’ म्हणत असे. २०२३ साली तो फलक बदलला आणि माणा ‘भारतातील पहिले गाव’ झाले. गाव जागचे हलले नाही, मोजणी तेवढी दुसऱ्या टोकापासून सुरू झाली.

येथील रहिवासी भोटिया समाजातील मारछा शाखेचे. त्यांचे वर्ष दोन गावांत विभागलेले असते. बद्रीनाथचे कपाट वैशाखाच्या सुमारास उघडले की ते माण्याला येतात आणि कार्तिकाच्या सुमारास कपाट बंद झाले की गोपेश्वर-चमोलीच्या आसपासच्या उबदार गावांत उतरतात. हिवाळ्याचे सहा महिने माण्यातील घरांना कुलपे असतात आणि गल्ल्यांत बर्फ साचलेला असतो. उन्हाळ्यात मात्र घरांच्या ओट्यांवर लोकर कातणाऱ्या स्त्रिया बसलेल्या दिसतात. पंख्या, थुलमे, आसने आणि टोप्या विकायला मांडलेल्या असतात. गावाभोवतीच्या लहान वाफ्यांत फाफर म्हणजे कुट्टू, बटाटा आणि राजमा पिकतो.

बद्रीनाथाच्या मंदिराशी या गावाचे नाते फार जवळचे आहे. कपाट बंद होताना मूर्तीला तूप लावलेली लोकरीची कांबळ पांघरतात. ती विणण्याचा मान माण्यातील मुलींचा. भाद्रपदातील वामनद्वादशीला बद्रीनाथाची उत्सवमूर्ती अलकनंदेच्या दुसऱ्या तीरावरील मातामूर्ती मंदिरात आईच्या भेटीला येते, तेव्हा तेथे जत्रा भरते. घंटाकर्ण हा गावाचा रक्षक देव. गुजरातमधील महुडीला जाऊन आलेल्या वाचकांना हे नाव परिचित वाटेल. हिमालयाच्या ऐन टोकावरील वस्तीत ते कानी पडले की क्षणभर नवल वाटते.

दोन वाटा, दोन दिशा

गावाच्या वरच्या अंगाला व्यासगुंफा आहे. व्यासांनी येथे महाभारत सांगितले आणि गणेशाने ते लिहून घेतले, अशी श्रद्धा आहे. गुंफेवरील खडक थरावर थर रचल्यासारखा दिसतो. जुन्या पोथीची पाने एकावर एक ठेवावीत तसा. लोक त्याला व्यासपोथी म्हणतात.

तेथून खाली उतरताच पाण्याचा घनगंभीर आवाज कानी येतो. उत्तरेकडून आलेली सरस्वती येथे अरुंद घळीतून अक्षरशः फुटून बाहेर पडते. घळीवर एक प्रचंड शिळा आडवी पडलेली आहे. द्रौपदीला नदी ओलांडता यावी म्हणून भीमाने ती टाकली, अशी कथा आहे. हाच भीमपूल. थोड्याच अंतरावर केशवप्रयाग येथे सरस्वती अलकनंदेला मिळते.

या शिळेपलीकडे दोन दिशा फुटतात. सरस्वतीच्या काठाने उत्तरेकडे गेलेला मार्ग माणा खिंडीकडे, साडेपाच हजार मीटरांहून अधिक उंचीवर चढतो. आज तिकडे परवानगीशिवाय जाता येत नाही. परंतु कित्येक शतके तो व्यापाराचा राजरस्ता होता. माण्याचे व्यापारी शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवर धान्य, गूळ आणि कापड लादून तिबेटात जात आणि मीठ, लोकर व टाकणखार घेऊन परतत. गोव्यातून उत्तरेत गेलेला अंतोनियो द आंद्राद हा पोर्तुगीज जेझुइट धर्मगुरूही १६२४ साली आग्र्याहून निघून याच मार्गाने तिबेटातील त्सापरांग येथे पोहोचला. हिमालय ओलांडून तिबेटात गेलेला ज्ञात असा तो पहिला युरोपीय मानला जातो. पुढे १६३४ साली गोव्यातच त्याचा मृत्यू झाला. १९५४ च्या भारत-चीन करारात व्यापारासाठी ज्या सहा खिंडी नमूद केल्या होत्या, त्यांत माणा खिंडही होती. १९६२ च्या युद्धानंतर तो व्यापार थांबला. ज्या गावाचे जीवन खिंडीवर चालत होते, त्याला यात्रेकरूंवर आणि लोकरीच्या विणकामावर उभे राहावे लागले. वसुधारेला निघालेला प्रवासी ओट्यावरून एखादी लोकरी टोपी विकत घेतो, तेव्हा त्या लहानशा व्यवहारामागे हा एवढा इतिहास असतो.

दुसरी वाट अलकनंदेच्या काठाने पश्चिमेकडे जाते. तीच वसुधारेची.

नदीच्या बालपणातून

प्रारंभी वाट दगडांनी बांधलेली आणि सौम्य चढाची आहे. येथे वृक्ष नाहीत.  उन्हाळ्याच्या आरंभी नुकते बर्फ वितळलेले पिवळसर गवत, आणि श्रावण-भाद्रपदात त्याच गवतात पिवळी, जांभळी, पांढरी रानफुले. डाव्या हाताला खाली अलकनंदा वाहत असते. सतोपंथ आणि भगीरथ खरक या दोन हिमनद्यांच्या मुखापाशी ती उगम पावते आणि ते स्थान येथून फार दूर नाही. देवप्रयागला भागीरथीशी मिळून गंगा होण्यापूर्वी जी नदी सुमारे १९० किलोमीटर धावणार आहे, तिचे हे पहिले काही किलोमीटर. पाणी हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठामुळे गढूळ-राखाडी दिसते. हात बुडवला तर काही क्षणांतच बधिर होतो.

दरी रुंद आहे आणि तिच्या भिंती उभ्या आहेत. सह्याद्रीतील दऱ्या पावसाच्या पाण्याने कोरल्या, म्हणून त्या तळाशी अरुंद होत जातात. ही दरी हिमनदीने घासून काढली, म्हणून तिचा तळ परातीसारखा पसरट आहे. दक्षिणेकडे नीलकंठ शिखर (६,५९६ मीटर) आपली बाजू बदलत राहते. बद्रीनाथहून जे टोकदार सुळक्यासारखे दिसते, ते येथून वेगळेच भासते. समोर दरीच्या माथ्याशी चौखंबाचा (७,१३८ मीटर) पांढरा समूह ढगांतून डोकावतो. पाण्यातील दगडांवर पांढऱ्या टोपीचा लाल-काळा थिरथिरा शेपटी हलवत बसलेला दिसतो आणि कड्यालगत पिवळ्या चोचीचे डोंगरकावळे वाऱ्यावर तरंगत असतात. बाकी शांतता.

दोनेक किलोमीटरांनंतर चढ वाढतो. बांधीव वाट तुटक होते, दगडधोंड्यांचे पट्टे ओलांडावे लागतात, आणि ज्येष्ठापर्यंत काही ओहोळांवर कठीण झालेला बर्फ पडून असतो. साडेतीन हजार मीटरांच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोनतृतीयांश एवढाच उरतो. प्रत्येक श्वासात प्राणवायू तितकाच कमी मिळतो. मुंबई-पुण्याहून तीन दिवसांत येथे पोहोचलेल्या निरोगी तरुणालाही पन्नास पावलांवर थांबावेसे वाटते. हा त्याचा दुबळेपणा नव्हे, उंचीचा हिशेब आहे.

पांडव स्वर्गारोहणाला याच दरीतून गेले, असे येथे मानतात. महाभारतातील त्या कथेत वाटेत एकेक जण पडत जातो. आधी द्रौपदी, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि भीम. कोणीही मागे वळून थांबत नाही. अखेर युधिष्ठिर आणि त्याच्यामागून आलेला कुत्रा एवढेच उरतात. स्वर्गाच्या दारात कुत्र्याला प्रवेश नाही असे कळताच युधिष्ठिर आत जाण्याचे नाकारतो. सोबत आलेल्याला सोडून मिळणारा स्वर्ग त्याला नको असतो. कुटुंबाने मिळून ही वाट चालताना ही कथा उपयोगी पडते. सर्वांत मंद चालणाऱ्याच्या गतीने सगळ्यांनी चालावे. आजी तिसऱ्या किलोमीटरला थकली तर कोणी तरी तिच्याजवळ बसावे, किंवा सगळ्यांनीच तेथून परतावे. धबधबा शेवटचा दीड किलोमीटर दुरूनही दिसतो.

चारशे फुटांवरून

आधी तो कड्यावरील पांढऱ्या रेघेसारखा दिसतो. जवळ जावे तशी रेघ हलू लागते. वाऱ्याच्या झुळुकीसरशी ती एका बाजूला झुकते, मध्येच तुटते, पुन्हा सांधली जाते. अष्टवसूंनी येथे तप केले, म्हणून हिचे नाव वसुधारा. पायथ्याशी दगडांचा मोठा ढीग आणि पुष्कळदा बर्फाचा पट्टा असतो. सह्याद्रीतला धबधबा पावसाने जन्मतो, आषाढात गर्जतो आणि दिवाळीनंतर रोडावतो. वसुधारा मुख्यतः बर्फाच्या पाण्यावर जगते. तिचे वर्ष पावसाइतकेच उन्हावर अवलंबून असते. एकाच दिवसातही ती बदलते. सकाळी, रात्रीच्या थंडीने वरचा बर्फ आखडलेला असताना, धार बारीक असते आणि दुपारी ऊन लागल्यावर ती भरते.

आता त्या समजुतीकडे वळू या. इतक्या उंचीवरून पडणारे बारीक पाणी एकसंध राहत नाही. वाटेतच त्याचे थेंब होतात आणि थेंबांचे तुषार होतात. एक मिलिमीटर जाडीचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला सुमारे चार मीटर वेगाने खाली येतो. मुख्य धारेपासून वरच सुटलेल्या अशा थेंबाला शंभर मीटर उतरायला पंचवीस सेकंद लागतात. तेवढ्या वेळात सेकंदाला पाच मीटर वेगाची साधी झुळूकही त्याला सव्वाशे मीटर बाजूला नेऊ शकते. त्याहून बारीक तुषार तर खाली उतरण्याऐवजी हवेतच विरून जातात. शिवाय पर्वतातील दऱ्यांत वाऱ्याचे एक वेळापत्रक असते. पहाटे आणि सकाळी हवा बहुधा शांत असते. ऊन तापले की उतारावरील हवा हलकी होऊन वर चढू लागते आणि दुपारपर्यंत दरीतून चांगलाच वारा वाहू लागतो. त्यामुळे सकाळी नऊला पोहोचलेल्याच्या पायाशी पाणी पडते आणि दुपारी एकला पोहोचलेल्याच्या डोक्यावरून ते दुसरीकडेच उडून जाते. पुण्यवान उशिरा पोहोचला तर कोरडा राहतो आणि पापी लवकर उठला तर भिजतो.

महाराष्ट्रातील वाचकांना हे नवीन नाही. नाणेघाटातील उलटा धबधबा पाहायला पावसाळ्यात गर्दी होते. कड्यावरून खाली जायला निघालेले पाणी कोकणातून चढणाऱ्या वाऱ्याने पुन्हा वर फेकले जाते आणि कड्यावर उभ्या असलेल्या सर्वांना भिजवते. तेथे कोणी आपले पुण्य मोजत नाही. सगळे जण आनंदाने भिजतात. वसुधारेपाशीही वारा तोच आहे.

मग ही समजूत टाकाऊ ठरते काय? तिच्यात एक जुने शहाणपण दडलेले असावे. जो मनुष्य धापा टाकत येतो, एक छायाचित्र घेतो आणि पाच मिनिटांत परत फिरतो, त्याच्यावर तुषार पडण्याची शक्यता कमीच. जो दगडावर शांत बसतो, श्वास स्थिरावू देतो, अर्धा तास काहीही न मागता पाहत राहतो, त्याच्या दिशेने वारा कधी ना कधी वळतोच. थांबण्याची तयारी हीच येथे पात्रता आहे. पण तिचा अर्थ याहून पुढे ताणू नये. आयुष्यभर मुलाबाळांसाठी झिजलेली एखादी वृद्धा येथवर येते, तिच्या पदरावर एक थेंबही पडत नाही, आणि उतरताना ती मनाशी कोणता तरी जुना दोष शोधू लागते. असे घडणे हा त्या पवित्र स्थळावरच अन्याय आहे. सोबतच्या नातवंडांनी तिला वाऱ्याचे गणित सांगावे. नाही तर तिला दहा पावले डावीकडे नेऊन उभे करावे.

बर्फाचा धाक

या दरीचे सौंदर्य ज्या बर्फातून येते, त्याचा धाकही तितकाच खरा आहे. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी माण्याजवळ रस्त्याच्या कामावरील मजुरांच्या छावणीवर हिमकडा कोसळला. चोपन्न मजूर त्यात सापडले. लष्कर आणि अन्य बचावपथकांनी शेहेचाळीस जणांना वाचवले, आठ जणांचा मृत्यू झाला. वैशाखात यात्रेकरूंच्या गाड्या ज्या रस्त्याने सुखरूप वर येतात, तो मोकळा ठेवण्यासाठी ऐन हिवाळ्यात घरापासून दूर आलेली माणसे तेथे राबत असतात. त्यांची आठवण या प्रवासात असावी.

धाक आहे म्हणून जाऊ नये असे नाही, जाण्याची रीत मात्र सांभाळावी. वैशाखाच्या अखेरीपासून आषाढ लागेपर्यंत आणि पावसाळा ओसरल्यावर अश्विनात, हे दोन काळ योग्य. ऐन पावसाळ्यात खालच्या रस्त्यांवर दरडी कोसळतात. बद्रीनाथला किमान एक रात्र राहून शरीराला उंचीची सवय होऊ द्यावी. हृदयविकार, दमा किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी निघण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा. डोकेदुखी, मळमळ किंवा तोल जाणे सुरू झाले तर पुढे न जाता खाली उतरावे. भीमपुलापुढे खाण्यापिण्याची सोय गृहीत धरू नये. उकळून गाळलेले पाणी, खाखरे, गूळ-शेंगदाणे किंवा सुका मेवा घरूनच बांधून घ्यावा आणि रिकामी वेष्टने परत खिशात घालावीत. माण्यातून सकाळी सातपर्यंत निघाले तर जाऊन-येऊन पाच-सहा तास लागतात. दुपारनंतर हवा बिघडण्यापूर्वी परतता येते आणि सूर्यास्ताच्या पुष्कळ आधी जेवणही होते. धबधब्याच्या अगदी खाली, विशेषतः बर्फाच्या पट्ट्यावर, उभे राहू नये. वरून पाण्यासोबत दगडही येतात आणि बर्फाखाली पोकळी असू शकते. वसुधारेपुढे लक्ष्मीवन आणि सतोपंथ सरोवराकडे जायचे असेल तर तो अनेक दिवसांचा वेगळा प्रवास आहे. त्यासाठी वनविभागाची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या हवा.

परतताना तीच नदी आता वाहत्या पाण्याच्या दिशेने सोबत करते. वसुधारेचे जे थेंब कोणाच्याच अंगावर पडले नाहीत, ते दगडांतून झिरपत खाली येऊन याच प्रवाहात मिळालेले असतात. केशवप्रयागला सरस्वती त्यांना भेटते, विष्णुप्रयागला धौलीगंगा, आणि देवप्रयागानंतर त्या पाण्याला गंगा म्हणतात. पुढे मैदानात ते शेतांना मिळते, घागरींत भरले जाते, गुरांच्या तोंडी लागते. तेथे कोण पापी, कोण पुण्यवान, असे विचारायला कोणी उभे नसते. ज्यांनी वसुधारा कधी पाहिली नाही, तिचे नावही ऐकले नाही, त्यांच्याही ओंजळीत तिचे पाणी येते.